स्टार्च व वनस्पतितंतूंची अन्नपात्रे : घडण, गुणदोष आणि चिकित्सालयातील योजना

आहाराचा विचार करताना चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आठ आहारविधिविशेषायतने सांगितली आहेत. त्यांपैकी 'करण' म्हणजे द्रव्यावर होणारा संस्कार. जल, अग्नी, शौच, मंथन, देश, काल, वासन, भावना ही संस्काराची साधने सांगताना आचार्यांनी त्यांच्याच पंक्तीत 'भाजन' म्हणजे पात्रही बसविले आहे. द्रव्य ज्यात ठेवले जाते ते पात्र केवळ आधार नसून द्रव्याच्या गुणांत भर घालणारे अथवा त्यांत बदल करणारे साधन आहे, असा याचा अर्थ होतो.

सुश्रुताचार्यांनी हाच विचार तपशिलाने मांडला आहे. सूत्रस्थानातील अन्नपानविधी अध्यायात तूप लोखंडी पात्रात, पेया रुप्याच्या पात्रात, फळे व भक्ष्य पदार्थ पानांवर, कट्वर व खड यांसारखे पदार्थ दगडी पात्रात आणि पाणी, पानक व मद्य मातीच्या पात्रात द्यावे, असे त्यांनी सांगितले आहे. येथे पात्राची निवड पदार्थाच्या गुणांवरून होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आपल्या काळात प्लास्टिकने नेमके याच्या उलट केले. कोरडे असो वा द्रव, तेलकट असो वा आंबट, थंड असो वा उकळते असो, सर्वांना एकच पात्र, ही सवय समाजाला लागली आणि आमची चिकित्सालयेही तिला अपवाद राहिली नाहीत. चूर्ण प्लास्टिकच्या पिशवीत, तेल प्लास्टिकच्या बाटलीत आणि काढा प्लास्टिकचा थर असलेल्या कागदी पेल्यात, हे दृश्य आज सर्वत्र दिसते.

आता प्लास्टिकला पर्याय म्हणून स्टार्च व वनस्पतितंतू यांपासून बनविलेल्या ताटल्या, वाट्या, पेले व पिशव्या बाजारात आल्या आहेत. त्या मातीत मिसळून जातात, म्हणून त्या चांगल्या, असे सर्वसाधारण मत आहे. ते मत बव्हंशी बरोबर असले तरी वैद्याला तेवढ्यावर थांबता येत नाही. ही पात्रे कशाची बनतात, कशी घडतात, कोणत्या द्रव्यास योग्य आणि कोणत्या द्रव्यास अयोग्य ठरतात, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत.

प्रश्नाचे गांभीर्य

आयआयटी खरगपूर येथील संशोधकांनी २०२० च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कागदी पेल्यांची तपासणी केली. ८५ ते ९० अंश सेल्सिअस तापमानाचे १०० मि.लि. पाणी अशा पेल्यात १५ मिनिटे ठेवले असता सुमारे २५,००० सूक्ष्म प्लास्टिक कण पाण्यात उतरतात, असे त्यांना आढळले. कागद गळू नये म्हणून पेल्याच्या आतून दिलेला पातळ थर हे त्याचे कारण होय. आपण रुग्णास देतो तो काढाही याच तापमानाचा असतो, हे वेगळे सांगावयास नको.

असे कण शरीरात जाऊन काय करतात, यावर संशोधन अद्याप चालू आहे. २०२४ साली इटलीतील संशोधकांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मानेच्या रोहिणीतून शस्त्रक्रियेने काढलेल्या मेदयुक्त थरांची तपासणी झाली. पाठपुरावा पूर्ण झालेल्या २५७ रुग्णांपैकी १५० जणांच्या थरात पॉलिथीन सापडले. ज्यांच्या थरात प्लास्टिकचे कण होते त्यांच्यात पुढील काळात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात वा मृत्यू यांचे प्रमाण अधिक दिसले. प्लास्टिक हेच त्याचे कारण, असे या अभ्यासाने सिद्ध होत नाही. तथापि दुर्लक्ष करावे असाही हा निष्कर्ष नाही.

कायद्यानेही याची दखल घेतली आहे. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. केंद्र शासनाच्या नियमांनुसार १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे इत्यादी वस्तूंवर देशभर बंदी आली. पर्यायी पात्रांची मागणी वाढली ती या पार्श्वभूमीवर.

स्टार्च : आपल्या ओळखीचे सत्त्व

स्टार्च हे द्रव्य आयुर्वेदाच्या अभ्यासकास नवे नाही. गुळवेलीचे सत्त्व काढताना आपण ओली गुळवेल कुटतो, पाण्यात भिजवून चोळतो, गाळतो, निवळ राहू देतो आणि वरचे पाणी ओतून तळाशी बसलेला पांढरा साका वाळवितो. हा साका मुख्यतः स्टार्चच असतो. मका, साबुदाण्याचा कंद, बटाटा वा तांदूळ यांपासून कारखान्यात स्टार्च काढतात, त्या कृतीचे तत्त्व हेच आहे. स्टार्च थंड पाण्यात विरघळत नाही, जड असल्याने तळाशी बसते, या गुणाचा दोन्हीकडे उपयोग केलेला असतो.

रसायनशास्त्राच्या दृष्टीने स्टार्चमध्ये दोन प्रकारच्या साखळ्या असतात. सर्वसाधारण स्टार्चमध्ये सरळ साखळीचे अमायलोज सुमारे २० ते ३० टक्के आणि फांद्या असलेले अमायलोपेक्टिन ७० ते ८० टक्के असते. दोन्ही ग्लुकोजच्याच कड्यांनी बनलेली आहेत. पाण्यासह तापविले असता, स्टार्चच्या जातीनुसार साधारणतः ६० ते ७५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान, त्याचे कण फुगतात व फुटतात, साखळ्या पाण्यात मोकळ्या होतात आणि दाट, अर्धपारदर्शक खळ तयार होते. ही खळ पातळ पसरून वाळविली की साखळ्या एकमेकींजवळ येऊन पापुद्रा बनतो.

आपल्या घरांतून उन्हाळ्यात होणाऱ्या कुरडया व साबुदाण्याच्या पापड्या हे याचेच उदाहरण होय. गहू भिजवून, वाटून, गाळून निघालेला चीक शिजविला जातो आणि उन्हात वाळला की कडकडीत, किंचित पारदर्शक होतो. मात्र कुरडई हाताने दाबताच मोडते. अन्नाच्या वेष्टनाला असा ठिसूळपणा चालत नाही. तो जावा म्हणून स्टार्चमध्ये ग्लिसरीन किंवा सॉर्बिटॉलसारखे मार्दव आणणारे द्रव्य मिसळतात. ते साखळ्यांच्या मधे शिरून त्यांना एकमेकींवरून सरकू देते व पापुद्रा लवचीक होतो. आपल्या परिभाषेत बोलावयाचे तर रूक्ष व खर द्रव्याला स्निग्ध व मृदू गुणाची जोड दिली जाते.

तंतू : चिपाड, पाने आणि सोपट

केवळ स्टार्चचे पात्र दुबळे असते. त्याला बळ येते ते तंतूंनी. वनस्पतितंतूत सेल्युलोज, हेमिसेल्युलोज व लिग्निन हे तीन प्रमुख घटक असतात. सेल्युलोजही ग्लुकोजचेच बनलेले आहे; परंतु त्यातील कड्यांची जोडणी वेगळ्या पद्धतीची असल्याने साखळ्या सरळ राहतात, एकमेकींना घट्ट बिलगतात आणि मजबूत धागा बनतो. त्याच फरकामुळे भात आपणास पचतो व गवताची काडी पचत नाही. हेमिसेल्युलोज धाग्यांना जोडते आणि लिग्निन त्यांना कठीण व पाण्यास विरोध करणारे बनविते.

महाराष्ट्रात या तंतूंचा सर्वांत मोठा साठा म्हणजे उसाचे चिपाड. गाळप झालेल्या उसाच्या वजनाच्या सुमारे २८ ते ३० टक्के चिपाड निघते आणि त्यात जवळजवळ निम्मे पाणी असते. कोरड्या चिपाडात सेल्युलोज सुमारे ४० ते ५० टक्के, हेमिसेल्युलोज २५ ते ३० टक्के आणि लिग्निन २० टक्क्यांच्या आसपास असते. साखर कारखाने बहुतेक चिपाड बॉयलरमध्ये जाळून वाफ व वीज निर्माण करतात. त्याचा काही भाग कागद व पात्रे यांकडे वळतो. केळीच्या खांबाचे सोपट, गव्हाचे व भाताचे काड, बांबू हेही याच उपयोगाचे आहेत.

येथे एक विवेक पाळणे आम्हांस आवश्यक वाटते. मका व तांदूळ ही अन्ने आहेत. चिपाड व काड हे अन्न काढून घेतल्यानंतरचे अवशेष आहेत. एकदाच वापरून टाकावयाच्या पात्रासाठी शक्यतो अवशेषांचा वापर व्हावा आणि स्टार्च केवळ बांधणीपुरते घ्यावे, हे अधिक युक्त होय.

पात्र कसे घडते

आज वापरात असलेल्या पद्धती मुख्यतः चार आहेत.

१) लगद्याचे साचेकाम : चिपाड कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात शिजवून त्यातील बरेचसे लिग्निन काढतात. धुऊन, आवश्यक तर विरंजन करून, लगदा भरपूर पाण्यात कालवितात. या पाण्यात तंतूंचे प्रमाण जेमतेम १ टक्क्याच्या आसपास असते. जाळीचा साचा त्यात बुडवून मागून पाणी ओढून घेतले की जाळीवर तंतूंचा समान थर बसतो. तो सुमारे १५० ते २०० अंश तापलेल्या साच्यात दाबून वाळवितात व कडा कापतात. उसाच्या चिपाडाच्या पांढऱ्या वा भुऱ्या ताटल्या अशा तयार होतात. तंतू एकमेकांना धरून राहतात ते वाळताना होणाऱ्या हायड्रोजन बंधांमुळे. निराळा डिंक लागतोच असे नाही.

२) भाजून फुगविणे : स्टार्च, पाणी व थोडे तंतू यांचे सरबरीत पीठ १८० ते २२० अंश तापलेल्या दोन साच्यांत दाबतात. पाण्याची वाफ होऊन पीठ फुगते आणि एकदोन मिनिटांत हलकी, सच्छिद्र वाटी तयार होते. आइस्क्रीमचा कोन हा याच जातीचा.

३) वितळवून ओढणे : स्टार्च व ग्लिसरीन उष्णतेने व दाबाने मळून प्लास्टिकप्रमाणे पातळ पापुद्र्यात ओढतात. निव्वळ स्टार्चचा पापुद्रा पाण्यापुढे टिकत नाही, म्हणून त्यात पीबीएटी नावाचे बहुवारिक मिसळतात. हे बहुवारिक विघटनशील असले तरी बहुतांशी खनिज तेलापासून बनते. 'मक्याची पिशवी' म्हणून मिळणारी वस्तू पुष्कळदा अशा मिश्रणाची असते.

४) किण्वनमार्ग : स्टार्चची साखर करून तिचे किण्वन केले असता लॅक्टिक आम्ल मिळते. त्याचे रेणू जोडून पीएलए हे बहुवारिक बनवितात. संधानकल्पनेशी परिचित असलेल्या वाचकांस यातील पूर्वार्ध ओळखीचा वाटेल. मात्र अंतिम वस्तूत स्टार्च उरलेले नसते. पीएलए दिसावयास व वागावयास प्लास्टिकसारखे असते आणि सुमारे ५५ ते ६० अंशांवर मऊ पडू लागते. विशेष प्रक्रिया केलेली नसल्यास त्याचा पेला गरम काढ्यास उपयोगी नाही.

ज्या वैद्यमित्रांस हा विषय प्रत्यक्ष पाहावयाचा असेल त्यांनी पुढील सोपा प्रयोग करावा. साबुदाण्याचे अथवा मक्याचे स्टार्च ५ ग्रॅम, पाणी १०० मि.लि. व ग्लिसरीन १.५ ते २ ग्रॅम एकत्र करून मंद आचेवर सतत ढवळावे. मिश्रण दाट व अर्धपारदर्शक झाल्यावर सपाट ताटात पातळ ओतून सावलीत वाळवावे. एक ते दोन दिवसांत लवचीक पापुद्रा सुटून येतो. दुसऱ्या ताटात ग्लिसरीन न घालता हीच कृती करावी. तो पापुद्रा तडकतो. तिसऱ्या ताटात पाण्यात भिजवून घुसळलेल्या गाळण-कागदाचा थोडा लगदा मिसळावा. तो ओढताना अधिक ताण सहन करतो. तिन्ही पापुद्र्यांवर पाण्याचा एकेक थेंब ठेवला की तिन्ही चिकट होतात. संपूर्ण विषयाचे मर्म या शेवटच्या निरीक्षणात आहे. हा प्रयोग समजून घेण्यापुरताच असून असा पापुद्रा औषधाच्या वेष्टनासाठी वापरू नये.

एकच गुण, दोन फळे

स्टार्च व सेल्युलोज दोन्ही पाण्याला आकर्षून घेतात. या जलप्रियतेमुळेच जंतू व बुरशी यांची विकरे त्यांच्यापर्यंत पोहोचतात आणि पात्र मातीत मिसळून जाते. त्याच जलप्रियतेमुळे ते पात्र आमटीने मऊ पडते आणि हवेतील ओलावा आत जाऊ देते. गुण व दोष यांचे मूळ एकच आहे. एक ठेवून दुसरा पूर्णपणे काढता येत नाही.

वेष्टन म्हणून याचे परिणाम असे होतात. कोरड्या हवेत स्टार्चचा पापुद्रा तेल व प्राणवायू यांना चांगला अडवितो, परंतु पाण्याच्या वाफेला अडवीत नाही. पॉलिथीनचे याच्या उलट आहे; ते ओलावा चांगला अडविते, पण प्राणवायूस तितकेसे अडवीत नाही. शिवाय कालांतराने स्टार्चच्या साखळ्या पुन्हा एकत्र येऊन पापुद्रा कडक होत जातो. शिळ्या भाकरीचा कडकपणा याच प्रकारचा असतो.

आपल्या औषधांना हे कसे लागू पडते ते पाहू. शार्ङ्गधर संहितेत चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते असे सांगितले आहे. पृष्ठभाग वाढल्याने चूर्णास हवा, ओलावा व प्रकाश यांचा संपर्क अधिक होतो, हे त्याचे आजच्या भाषेतील स्पष्टीकरण म्हणता येईल. लवण व क्षार असलेली लवणभास्करासारखी चूर्णे आणि साखर असलेली सितोपलादीसारखी चूर्णे ओलावा लवकर ओढतात. कोकणातील आषाढ-श्रावणात अशी चूर्णे कागदी वा स्टार्चच्या वेष्टनात दिल्यास त्यांच्या गुठळ्या होणार, प्रसंगी बुरशी येणार. निसर्गाचे रक्षण करावे म्हणून रुग्णाच्या हाती बिघडलेले औषध द्यावे, हे वैद्यकाच्या धर्मात बसत नाही. तेव्हा प्लास्टिक सोडावयाचे म्हणजे सर्वत्र कागद वा स्टार्च आणावयाचे, असा सरळ बदल येथे चालणार नाही.

लेपाचा प्रश्न

जलप्रियतेवर उपाय म्हणून उत्पादक पात्रास आतून लेप देतात. पात्राची खरी परीक्षा येथेच होते, कारण अन्नाचा स्पर्श तंतूंना न होता लेपाला होतो. सर्वांत स्वस्त लेप पॉलिथीनचा. पळसाच्या पानाखाली वा वर असा पापुद्रा चिकटविलेल्या पत्रावळीही यंत्रावर बनतात. त्या दिसावयास पारंपरिक असल्या तरी मातीत मिसळत नाहीत. जुलै २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने प्लास्टिकचा थर दिलेल्या कागदी ताटल्या, वाट्या व पेल्यांवरही बंदी जाहीर केली, ती याच कारणाने.

दुसरा लेप अधिक चिंतेचा आहे. तेल व तूप झिरपू नये म्हणून लगद्याच्या पात्रांत पीएफएएस वर्गातील फ्लोरिनयुक्त द्रव्ये मिसळण्याची पद्धत अनेक देशांत होती. यांतील कार्बन व फ्लोरिन यांचा बंध अतिशय बळकट असल्याने ही द्रव्ये निसर्गात व शरीरात दीर्घकाळ टिकून राहतात. या वर्गातील पीएफओए या द्रव्यास आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ साली मानवातील कर्करोगकारक द्रव्यांच्या पहिल्या गटात घातले. तेलरोधक म्हणून वापरली जाणारी ही द्रव्ये अमेरिकेत अन्नवेष्टनांसाठी आता विकली जात नाहीत, असे तेथील अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केले. युरोपीय संघाने २०२५ च्या नियमावलीत अन्नवेष्टनांतील त्यांच्या प्रमाणावर मर्यादा घालून १२ ऑगस्ट २०२६ ही तारीख ठरविली. पात्र चिपाडाचे आहे, एवढ्याने ते निर्दोष ठरत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

मेण, लाख व मक्यातील प्रथिन यांचे लेप हे सौम्य पर्याय आहेत. पण त्यांनाही मर्यादा आहेत. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६५ अंशांच्या सुमारास वितळते, म्हणून ते गरम पदार्थास चालत नाही.

चिकित्सालयात करता येतील अशा तीन साध्या परीक्षा येथे देत आहोत.

१) पात्राचा तुकडा रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी बोटांनी चोळावा. तंतू सुटून मागे अखंड पातळ पापुद्रा उरला, तर आत प्लास्टिकचा अथवा पीएलएचा थर आहे.

२) पात्रावर गोडेतेलाचा एक थेंब ठेवून अर्ध्या तासाने पाहावे. लेप नसलेल्या तंतूत तेल पसरते. थेंब जसाच्या तसा मोत्यासारखा राहिला आणि वरील परीक्षेत पापुद्राही निघाला नाही, तर तेलरोधक द्रव्य कोणते वापरले आहे, असे उत्पादकास लेखी विचारावे व पीएफएएस नसल्याचा तपासणी अहवाल मागावा.

३) टिंक्चर आयोडिनचा पातळ केलेला थेंब टाकावा. निळा-काळा रंग आल्यास स्टार्च आहे. 'स्टार्चचे' म्हणून विकलेल्या पिशवीवर हा रंग आला तरी ती पूर्ण स्टार्चची आहे असे मात्र ठरत नाही; न आल्यास शंका घ्यावी.

नैसर्गिक म्हणजे निरपाय नव्हे

पोफळीच्या झावळीचा देठाकडील रुंद भाग, ज्याला कोकणात विरी म्हणतात, तो धुऊन तापलेल्या साच्यात दाबला की सुबक ताटली तयार होते. ना लगदा, ना लेप. कोकण, गोवा व कर्नाटकात अनेक कुटुंबांना यातून रोजगार मिळतो. तथापि मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने विरीच्या पात्रांतून सुपारीतील अल्कलॉइड अन्नात उतरू शकतात, या कारणास्तव ही पात्रे अन्नासाठी वापरू नयेत अशी सूचना काढली.

भावप्रकाशात पूगाचा उल्लेख मोहन म्हणून आहे. म्हणजे सुपारीस स्वतःचे प्रभावी कर्म आहे हे आपल्या शास्त्रास ठाऊक आहे. विरी म्हणजे फळ नव्हे, आणि एखाद्या दिवशी त्यावर कोरडा पदार्थ खाणे व नित्य गरम, आंबट, पातळ पदार्थ त्यात घेणे यांत अंतर आहे. तरीही जोपर्यंत याविषयी समाधानकारक तपासणी होत नाही, तोपर्यंत गर्भिणी, बालक व दीर्घकाळ पथ्यावर असणारे रुग्ण यांना अशा पात्रात उष्ण द्रव आहार देऊ नये, असे आमचे मत आहे. वनस्पतीचे प्रत्येक अंग सगुण असते. म्हणूनच ते तपासून घ्यावे लागते.

विघटन : शब्दांचा नेमका अर्थ

जाहिरातींत 'जैवविघटनशील' व 'कंपोस्ट होणारे' हे शब्द सरमिसळ करून वापरले जातात. आयएस/आयएसओ १७०८८ या मानकानुसार कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकातील सेंद्रिय कार्बनचे ९० टक्के रूपांतर १८० दिवसांच्या आत, सुमारे ५८ अंश तापमानाच्या नियंत्रित कंपोस्टमध्ये, कार्बन डायऑक्साइडमध्ये व्हावे लागते. असे प्लास्टिक बनविणाऱ्याने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र घेणे आवश्यक आहे.

५८ अंश हे तापमान मोठ्या कंपोस्ट प्रकल्पात राखले जाते; परसातील खड्ड्यात वा कुंडीत नव्हे. म्हणून पीएलएचा पेला अंगणातील खतात वर्षानुवर्षे पडून राहू शकतो. उलट, लेप नसलेली पळसाची पत्रावळ वा चिपाडाची वाटी साध्या खताच्या खड्ड्यात, ओल व हवा मिळाल्यास, काही आठवड्यांपासून काही महिन्यांत मुरते. मात्र हीच पात्रे शहराच्या कचरा डेपोत हवाबंद ढिगाखाली गेली तर त्यांतून मिथेन वायू निघतो. पात्र विघटनशील असणे हे अर्धे काम. ते योग्य जागी टाकणे हे उरलेले अर्धे.

चिकित्सालयातील योजना

वरील विवेचनावरून आम्ही पुढील योजना सुचवितो.

१) काढा व उष्ण पेये : स्टीलचा अथवा चिनी मातीचा पेला, प्रत्येक वेळी उकळत्या पाण्याने धुऊन. एकदाच वापरावयाचे पात्र हवेच असेल तर मातीचा कुल्हड. थर असलेला कागदी पेला व पीएलए टाळावे.

२) पेया, विलेपी, कृशरा : संसर्जनक्रमात रुग्ण चिकित्सालयातच असेल तर स्टीलची वाटी. शिबिरात लेप नसलेली चिपाडाची वाटी चालेल. पदार्थ वाढल्यावर लवकर संपवावा, साठवू नये.

३) फळे, लाह्या, कोरडे भक्ष्य पदार्थ : पळस, वड वा केळीचे पान आणि त्यांचे काड्यांनी टाचलेले द्रोण. सुश्रुतोक्त योजना येथे जशीच्या तशी लागू पडते.

४) काढ्याची भरड : आठवड्यापुरती असेल तर जाड कागदी पिशवीत द्यावी. वर्षाऋतूत घरी नेल्यावर काचेच्या वा स्टीलच्या डब्यात ओतून ठेवण्यास सांगावे.

५) एका मात्रेच्या पुड्या : लेपविरहित ग्लासीन कागद. सेल्युलोजचा लगदा अतिशय बारीक कुटून व दाबून हा कागद बनतो, त्यामुळे थर न देताही तो तेल व हवा बऱ्यापैकी अडवितो. पुड्या ८ ते १० दिवसांपुरत्याच बांधाव्यात व घट्ट झाकणाच्या डबीत द्याव्यात. वृत्तपत्राचा कागद कोणत्याही कारणाने वापरू नये; त्याची शाई अन्नात व औषधात उतरते.

६) लवण, क्षार, साखर वा हिंगासारखी गंधद्रव्ये असलेली चूर्णे : काचेची बाटली. रुग्णाने धुऊन व पूर्ण वाळवून पुढील वेळी परत आणावी, अशी पद्धत पाडावी.

७) तेल, तूप, अवलेह, आसव-अरिष्टे : काचच. येथे स्टार्च वा तंतूंच्या पात्राचा विचारही करू नये.

या यादीत स्टार्च व तंतूंच्या पात्रांची जागा मर्यादित दिसेल, पण ती खरी आहे. कोरडे, थोड्या वेळासाठीचे आणि लगेच खावयाचे जे जे आहे, त्यासाठी ही पात्रे उत्तम आहेत. दीर्घकाळ साठवण, ओलावा आणि उष्ण द्रव ही त्यांची क्षेत्रे नव्हेत. ती त्यांच्यावर लादली की लेप येतो आणि लेपाबरोबर ज्यापासून सुटका हवी होती तेच परत येते.

सभासदांस विनंती

या विषयावर आपल्याच चिकित्सालयांतून निरीक्षणे गोळा व्हावीत, अशी आमची इच्छा आहे. येत्या वर्षाऋतूत ज्यांना शक्य असेल त्यांनी एकाच दिवशी कुटलेल्या एका चूर्णाचे ५०-५० ग्रॅमचे तीन भाग करावेत. एक जाड कागदात, एक ग्लासीन कागदात व एक काचेच्या घट्ट बाटलीत ठेवून, तिन्ही एकाच कपाटात दोन महिने राहू द्यावेत. दर आठवड्यास वजन, गंध, वर्ण, स्पर्श व गुठळ्या यांची नोंद करावी. वजनातील वाढ म्हणजे शोषलेला ओलावा होय. कोकण, देश, विदर्भ व मराठवाडा येथील हवा भिन्न असल्याने नोंदीही भिन्न येतील, आणि त्यांतूनच कोणत्या प्रदेशात, कोणत्या ऋतूत, कोणते वेष्टन किती दिवस विश्वासार्ह ठरते, हे सांगता येईल. नोंदी पाठविताना चूर्णाचे नाव, गाव, प्रारंभाची तारीख व वेष्टनाचा प्रकार अवश्य लिहावा. आलेल्या नोंदींचे एकत्रित कोष्टक याच पृष्ठांवर सादर करण्याचा आमचा मानस आहे.